बायोप्सीचा रिपोर्ट, ऊतींची रचना आणि मार्कर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्णाची आणि माझी प्रत्यक्ष भेट क्वचितच होते. माझ्या टेबलावर येतो तो त्याच्या शरीराचा मिलिमीटरांत मोजायचा तुकडा. रिपोर्ट हातात पडल्यावर मात्र पुष्कळ जण लॅबमध्ये फोन करतात, आणि त्यांनी तो करावाच. पूर्वी रिपोर्टमध्ये आजाराचं नाव आणि चार ओळींचं वर्णन असायचं. आता त्याखाली टक्केवाऱ्या, अधिक-उणे चिन्हं आणि अक्षरांच्या रांगा येतात. त्यांतली काही अक्षरं पुढची कित्येक वर्षं कोणतं औषध घ्यायचं हे ठरवतात. फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. बरेचसे कर्करोगाबद्दलचे आहेत, पण सगळे नाहीत.

बायोप्सी काढल्यावर त्या तुकड्याचं काय होतं? रिपोर्टला इतके दिवस का लागतात?

तुकडा शरीराबाहेर आला की लगेच सडायला लागतो. म्हणून तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मॅलिन आतली प्रथिनं एकमेकांत घट्ट बांधून टाकतं आणि पेशी जशा होत्या तशा गोठतात. हे काम घाईचं नाही. स्तनाच्या गाठीचं उदाहरण घ्या. मार्करच्या तपासण्या भरवशाच्या यायच्या असतील तर तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास असावा लागतो, आणि शरीरातून निघाल्यापासून तासाभराच्या आत तो त्यात पडायला हवा. कमी वेळ राहिला तर मधला भाग कच्चा राहतो, फार वेळ राहिला तर जी प्रथिनं शोधायची तीच झाकली जातात.

पुढे अल्कोहोलने पाणी काढतात, झायलीनने अल्कोहोल काढतात आणि त्या जागी वितळलेलं मेण भरतात. थंड झाल्यावर हाताशी येतो तो ब्लॉक: नखाएवढ्या तुकड्याभोवतीची मेणाची वडी, जाळीदार प्लॅस्टिकच्या कॅसेटवर बसलेली. त्यातून मायक्रोटोमवर ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप निघतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या हिश्श्याएवढे. तंत्रज्ञ तो काप ब्रशच्या टोकावर धरून कोमट पाण्यावर सोडतो, काप पसरतो, त्यावरच्या सुरकुत्या जातात आणि खालून काच घालून तो अलगद उचलला जातो. श्वास जोरात सोडला तरी काप उडतो. या सगळ्याला एक-दोन दिवस जातात, मग मी स्लाइड बघते. जादा रंग लावायचे ठरले तर आणखी दिवस, आणि जनुकांची मोठी तपासणी असेल तर दोन-तीन आठवडेसुद्धा.

शस्त्रक्रिया चालू असताना वीस मिनिटांत उत्तर मिळतं, मग बाकीच्यांना का नाही, असंही विचारतात. ती फ्रोझन सेक्शन असते. तुकडा गोठवून तिथल्या तिथे कापतात. सर्जनने पुढे किती कापायचं एवढं सांगायला ती पुरते, पण बर्फाने पेशी फाटतात आणि बारकावे जातात. शेवटचं मत मेणातल्या कापावरच देतात.

नुसत्या गुलाबी-जांभळ्या रंगावरून आजार कसा कळतो?

पहिली स्लाइड नेहमी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन (एच अँड ई) या जोडीने रंगवतात. हिमॅटॉक्सिलिन एका झाडाच्या गाभ्यातून निघतं आणि पेशीच्या केंद्रकाला निळा-जांभळा रंग देतं. इओसिन बाकीचा भाग गुलाबी करतं. शंभर वर्षांहून जास्त काळ ही जोडी टिकून आहे, कारण तिच्यात रचना दिसते.

मोठ्या आतड्याचा निरोगी काप लहान भिंगाखाली धरला की ग्रंथी एकमेकींना समांतर, ओळीने उभ्या दिसतात. प्रत्येकीच्या तळाशी केंद्रकं एका रेषेत असतात आणि वरच्या बाजूला श्लेष्म्याचा पांढुरका थेंब असतो. पॉलिपमध्ये, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या कोंबात, ही केंद्रकं लांबट, गडद होतात आणि तळ सोडून वर सरकू लागतात. अजून ग्रंथीची भिंत शाबूत असते. कर्करोगात ग्रंथी वेड्यावाकड्या होतात, एकमेकींत घुसतात, भिंत ओलांडून खालच्या थरात उतरतात, आणि त्यांच्याभोवतीची जागा तंतूंनी घट्ट होते. ते खाली उतरणं दिसलं की मी काच सरकवायची थांबते. पॉलिप आणि कर्करोग यांतला फरक त्या एका गोष्टीत आहे, आणि कोणत्याही जनुकाच्या चाचणीत तो दिसत नाही.

मार्कर म्हणजे नेमकं काय?

आजाराबद्दल काही सांगणारी, मोजता येणारी खूण. ती पेशीवरचं प्रथिन असेल, जनुकातला बदल असेल, गुणसूत्रांची अदलाबदल असेल किंवा रक्तात सापडणारा पदार्थ असेल.

कामं मात्र तीन वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. काही मार्कर आजार कोणता ते सांगतात, काही आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज देतात, आणि काही अमुक औषध लागू पडेल की नाही ते सांगतात. ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून अनेकांचा धीर सुटतो. स्तनाच्या गाठीत ईआर (त्याबद्दल पुढे सांगते) पॉझिटिव्ह असणं ही बहुतेक वेळा चांगली बातमी असते. म्हणून रिपोर्टमधल्या प्रत्येक मार्करबद्दल डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा: हा तिघांपैकी कोणत्या कामासाठी केला?

आयएचसी करायला सांगितली आहे. पहिल्या रिपोर्टमध्ये काही चुकलं होतं का?

नाही, ती पुढची पायरी आहे. आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. एखादं प्रथिन ओळखणारं प्रतिपिंड कापावर सोडायचं आणि ते जिथे चिकटेल तिथे रंग उमटवायचा, अशी ही पद्धत. १९४१ मध्ये आल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून ऊतीतला जंतूंचा अंश शोधून दाखवला, तिथून याची सुरुवात झाली. आज आमच्याकडे तो रंग बहुधा तपकिरी असतो.

समजा एका बाईंवर आठ वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले आणि आता फुप्फुसात गाठ दिसते आहे. एच अँड ई स्लाइडवर ग्रंथीसारख्या वाढणाऱ्या वाईट पेशी दिसतात. ही जुनी गाठ परत आली, की फुप्फुसाची नवी आहे? दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे. टीटीएफ-१ या प्रथिनाचा रंग आला तर कल फुप्फुसाकडे जातो, गाटा-३ आणि ईआर या प्रथिनांचा आला तर स्तनाकडे. पण टीटीएफ-१ थायरॉइडच्या पेशींतही येतं आणि गाटा-३ मूत्राशयाच्या कर्करोगातही. म्हणून एका रंगावर कोणी निदान करत नाही. पेशींची ठेवण, जुनी स्लाइड आणि चार-पाच रंगांचा मेळ एकत्र बसला पाहिजे. जुन्या आजाराची माहिती विनंतीपत्रावर लिहिलेली नसेल तर मी चुकीचे रंग मागवीन आणि तुकडा वाया जाईल. ही माहिती लिहायला डॉक्टरांना आठवण करून द्या, त्यात संकोच नको.

ईआर, पीआर, हर-टू हे काय आहे?

ईआर आणि पीआर हे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे संप्रेरक ज्यांना येऊन चिकटतं ती प्रथिनं. ते केंद्रकात असतात, त्यामुळे तपकिरी ठिपका केंद्रकावरच यायला हवा. १ टक्का किंवा त्याहून जास्त पेशी रंगल्या तर ईआर पॉझिटिव्ह म्हणतात. १ ते १० टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं लिहितात, कारण तिथे संप्रेरकरोधक गोळ्यांचा फायदा किती होईल याची खात्री कमी असते. ९० टक्के पेशी गडद रंगलेल्या असतील तर गाठ त्या संप्रेरकावर पोसली जाते आहे, आणि टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांनी तिचं पोषण तोडता येतं.

हर-टू हे पेशीच्या कडेवरचं प्रथिन, आणि ते बनवणाऱ्या जनुकाचंही नाव तेच. १९८७ मध्ये डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही स्तनकर्करोगांत या जनुकाच्या प्रती भरमसाट वाढतात आणि ते आजार जास्त आक्रमक असतात. त्याच प्रथिनाला धरणारं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये मंजूर झालं. साधारण १५ ते २० टक्के स्तनकर्करोग या गटात मोडतात. एकेकाळी हर-टू पॉझिटिव्ह हा शब्द लिहिताना पुढचं चित्र वाईट असायचं. त्याच खुणेने औषधाची वाट दाखवली आणि चित्र पालटलं. माझ्या विषयातली मला सर्वांत भावलेली गोष्ट हीच.

हर-टू २+ आलं आहे. म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

अजून ठरलेलं नाही. ३+ म्हणजे १० टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद, पूर्ण कडं, अगदी कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसणारं. ० आणि १+ निगेटिव्ह. २+ मध्ये कडं पूर्ण असतं पण फिकट. तेव्हा फिश ही तपासणी करतात. तिच्यात जनुकाच्या प्रती अंधाऱ्या पार्श्वभूमीवर चमकत्या ठिपक्यांसारख्या मोजता येतात. निरोगी पेशीत दोन प्रती असतात. हर-टूच्या ठिपक्यांचं त्याच गुणसूत्राच्या मध्यबिंदूच्या ठिपक्यांशी प्रमाण २ किंवा जास्त आणि सरासरी प्रती ४ किंवा जास्त आल्या तर पॉझिटिव्ह. बाकी काही जोड्यांमध्ये स्लाइड पुन्हा बघून ठरवावं लागतं.

एक नवी भर आहे. १+ आणि फिश-निगेटिव्ह २+ यांना आता ‘हर-टू लो’ म्हणतात. आजार पसरलेला असेल तर ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन हे औषध २०२२ पासून या गटासाठीही मंजूर आहे. त्यामुळे जुन्या रिपोर्टमध्ये नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहिलं असेल तर आकडा विचारून घ्या.

केआय-६७ दोन लॅबमध्ये वेगवेगळं आलं. कोणावर विश्वास ठेवायचा?

केआय-६७ वाढीच्या चक्रात असलेल्या पेशी रंगवतं. अडचण मोजण्यात आहे. एकाच स्लाइडवर कडेला ३० टक्के आणि मध्ये १० टक्के असू शकतात, आणि कुठे मोजायचं यावर आकडा बदलतो. स्तनाच्या गाठीत १८ आणि २२ यांत मी फारसा फरक मानत नाही. ५ आणि ६० यांत मात्र मोठा फरक आहे. न्यूरोएंडोक्राइन गाठींत, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठींत, हा आकडा ग्रेड (पुढचा प्रश्न पाहा) ठरवतो: ३ टक्क्यांच्या खाली, ३ ते २०, आणि २० च्या वर. तिथे पेशी एकेक करून मोजतात.

ग्रेड आणि स्टेज एकच का?

नाही. ग्रेड म्हणजे पेशी मूळ रूपापासून किती दूर गेल्या, आणि तो मी भिंगाखाली ठरवते. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोहोचला, आणि त्यासाठी स्कॅन, शस्त्रक्रिया, लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) सगळं लागतं. स्तनाच्या गाठीत ग्रंथी कितपत बनतात, केंद्रकं किती बेढब आहेत आणि पेशी किती वेगाने दुभंगताहेत यांना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६-७ आली तर २, ८-९ आली तर ३. प्रोस्टेटमध्ये ग्लीसन पद्धत आहे आणि तिथे ३+४ आणि ४+३ यांची बेरीज ७ असली तरी अर्थ वेगळा: पहिला आकडा जास्त पसरलेल्या नमुन्याचा असतो, म्हणून ४+३ जास्त गंभीर.

माझ्या ओळखीच्या रुग्णाला ब्राफ म्युटेशनवर गोळी मिळाली आणि गुण आला. माझ्याही रिपोर्टमध्ये ब्राफ आहे. मला ती का देत नाहीत?

या प्रश्नाचं उत्तर मला नेहमी सविस्तर द्यावंसं वाटतं.

ब्राफ हे जनुक पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणाऱ्या साखळीतली एक कडी आहे. व्ही-६००-ई नावाच्या बदलात ती कडी कायमची चालू राहते. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात जवळजवळ निम्म्या रुग्णांत ब्राफमध्ये बदल असतो. ही कडी बंद करणारं व्हेम्युराफेनिब २०११ मध्ये मंजूर झालं आणि गाठी भराभर आकसू लागल्या. मग तीच गोळी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तोच बदल असलेल्यांना दिली, आणि बहुतेकांत काही झालं नाही. कारण २०१२ मध्ये कळलं. आतड्याच्या पेशींत ब्राफ बंद केलं की ईजीएफआर नावाचा दुसरा रस्ता जोरात उघडतो आणि निरोप चालूच राहतो. मेलॅनोमाच्या पेशींवर ईजीएफआर फारसं नसतं, म्हणून तिथे हा पर्यायी रस्ता नव्हता. आता आतड्याच्या पसरलेल्या आजारात ब्राफ आणि ईजीएफआर दोन्ही रोखणारी औषधं एकत्र देतात.

हाच बदल अंगावरच्या साध्या तिळात पुष्कळदा सापडतो, आणि तो तीळ जन्मभर निरुपद्रवी राहतो. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगात तो सापडतो, तो कर्करोग बहुधा संथ असतो. हेअरी सेल ल्युकेमिया या दुर्मिळ रक्तकर्करोगात तो जवळजवळ प्रत्येक रुग्णात असतो आणि निदानाला मदत करतो. आणि आतड्याच्या काही गाठींत तो सापडला की आजार घराण्यातून आलेला नसावा असा दिलासा मिळतो. अक्षरं तीच, जागा बदलली की अर्थ बदलतो. म्हणून जनुकाचा रिपोर्ट ऊतीच्या रिपोर्टशिवाय वाचू नका. दोन्ही एका फाइलमध्ये ठेवा आणि दोन्ही एकाच डॉक्टरांना दाखवा.

याला अपवादही आहेत. पेशीची डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडली की एमएसआय-हाय नावाची स्थिती येते. अशा गाठींत चुका साठत जातात आणि रोगप्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटू लागतात. पेम्ब्रोलिझुमॅबला २०१७ मध्ये गाठ कोणत्या अवयवात आहे हे न पाहता, फक्त या खुणेवर मंजुरी मिळाली, आणि अशी ती पहिलीच मंजुरी होती.

फुप्फुसाच्या कर्करोगात इतक्या तपासण्या का सांगतात?

कारण तिथे औषधं खरोखर खुणेनुसार वाटली गेली आहेत. ईजीएफआरमधल्या बदलावर ऑसिमर्टिनिबसारख्या गोळ्या आहेत, एएलके हे जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं गेलं असेल तर वेगळ्या, आणि रॉस-१, रेट, ब्राफ, केरास जी-१२-सी यांच्यावर आणखी वेगळ्या. पीडी-एल१ (रोगप्रतिकारशक्तीला रोखून धरणारं, गाठीच्या पेशींवरचं प्रथिन) याचा टक्का ५० किंवा जास्त असेल तर केमोशिवाय नुसत्या इम्युनोथेरपीचा, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला मोकळं करणाऱ्या औषधांचा, विचार होतो. पण ईजीएफआर किंवा एएलके पॉझिटिव्ह असेल तर पीडी-एल१ कितीही आला तरी आधी गोळीच, कारण अशा गाठींत इम्युनोथेरपी सहसा कमी पडते. म्हणून घाई करून पीडी-एल१ वर उपचार सुरू करण्याऐवजी जनुकांचा रिपोर्ट येईपर्यंत थांबता येत असेल तर थांबणं बरं.

‘नमुना अपुरा’ असा शेरा आला. आता पुन्हा सुई टोचायची?

बऱ्याचदा हो, आणि मला त्याचं वाईट वाटतं. सुईने आलेला तुकडा दोऱ्याच्या तुकड्याएवढा असतो. त्यातले पहिले काप निदानाला, पुढचे आयएचसीला, उरलेले जनुकांना. शिवाय त्या दोऱ्यात गाठीच्या पेशी किती हेही महत्त्वाचं. अनेक जनुक-तपासण्यांना साधारण २० टक्के पेशी गाठीच्या लागतात. बाकीच्या निरोगी पेशी असतील तर बदल त्यांच्या गर्दीत बुडतो. अशा वेळी मी काचेवर पेनाने गाठीचा भाग आखून देते आणि तंत्रज्ञ तेवढाच खरवडून घेतो. हाडाच्या तुकड्याची वेगळीच अडचण आहे. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर डीएनए तुटतो. ईडीटीए वापरलं तर वेळ जास्त लागतो, पण डीएनए वाचतो.

रक्तातूनच तपासणी होते म्हणे. मग बायोप्सी कशाला?

गाठीतल्या मेलेल्या पेशींचा डीएनए रक्तात तरंगतो. तो पकडून बदल शोधण्याला लिक्विड बायोप्सी म्हणतात. सुई घालणं धोक्याचं असेल, तुकडा संपला असेल किंवा औषध चालेनासं झालं असेल तेव्हा ती फार उपयोगी पडते. ईजीएफआरची जुनी गोळी निकामी झालेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत टी-७९०-एम हा बदल सापडायचा आणि तो रक्तात दिसला की पुढची गोळी सुरू करता यायची.

पण रक्तात काही सापडलं नाही म्हणजे बदल नाही असं होत नाही. गाठ लहान असेल तर डीएनए रक्तात पुरेसा उतरतच नाही. वाढत्या वयात रक्तपेशींमध्येही आपोआप बदल साठतात आणि ते गाठीचे समजले जाऊ शकतात. आणि रक्त रचना दाखवत नाही. ईजीएफआरच्या गोळ्यांवर असलेल्या काही रुग्णांत गाठ आपलं रूपच बदलते आणि स्मॉल सेल हा फुप्फुसाचा वेगळाच कर्करोग होते. रक्तात ईजीएफआरचा जुना बदल तसाच दिसत राहतो. नवा तुकडा काढला तरच समोर दाटीने बसलेल्या, गडद केंद्रकाच्या बारक्या पेशी दिसतात आणि उपचारांची दिशा बदलते.

पीएसए, सीईए, सीए-१२५ वाढलं आहे. कर्करोग असेल का?

हे तिन्ही रक्तात मोजले जाणारे मार्कर आहेत. एवढ्यावरून सांगता येत नाही. पीएसए प्रोस्टेटमधून येतं, मग तो कर्करोग असो, वयानुसार झालेली वाढ असो की जंतुसंसर्ग. सीईए धूम्रपान करणाऱ्यांत थोडं वर असतं. सीए-१२५ मासिक पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटाच्या क्षयात आणि यकृताच्या आजाराने पोटात पाणी झालं तरी वाढतं. लक्षणं नसताना हौसेने केलेल्या अशा तपासण्यांनी लोकांना महिनोन्महिने विनाकारण काळजीत टाकलेलं मी पाहिलं आहे.

निदान झाल्यावर मात्र हेच मार्कर मोलाचे ठरतात. प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर पीएसए जवळपास शून्यावर यायला हवं, आणि ते पुन्हा चढू लागलं तर स्कॅनच्या आधी कळतं. कधी कधी रक्त माझीही चूक सुधारतं. वृषणाच्या गाठीत मला स्लाइडवर फक्त सेमिनोमा (वृषणाच्या कर्करोगाचा एक प्रकार) दिसला, पण रक्तात एएफपी हा मार्कर वाढलेला असेल तर उपचार सेमिनोमाचे करत नाहीत. सेमिनोमा एएफपी बनवत नाही, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पेशी कुठेतरी आहेतच. अशा वेळी मी गाठीचे आणखी तुकडे घेऊन पुन्हा शोधते.

मेंदूच्या गाठीचं नाव पहिल्या रिपोर्टनंतर बदललं. असं कसं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात मेंदूच्या अनेक गाठींची नावं जनुक पाहिल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा (मेंदूच्या गाठीचा एक प्रकार) म्हणायला आयडीएच जनुकात बदल हवा आणि १पी व १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन्ही भाग हरवलेले हवेत. प्रौढांमध्ये आयडीएच बदल नसलेली, आजूबाजूला पसरत जाणारी गाठ भिंगाखाली सौम्य दिसली, तरी टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधला (ते चालू-बंद करणाऱ्या भागातला) बदल किंवा ईजीएफआरच्या वाढलेल्या प्रती सापडल्या तर तिला ग्लिओब्लास्टोमाच, म्हणजे अतिशय आक्रमक गाठच, म्हणतात. इथे रचना फसवते आणि जनुक खरं सांगतं. म्हणून आधी तात्पुरता रिपोर्ट येतो आणि मग एकत्रित रिपोर्ट. उपचार एकत्रित रिपोर्टवर ठरू द्या.

रक्ताच्या कर्करोगात मार्करचा काय उपयोग?

सगळ्यात आधी तिथेच झाला. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएल या ल्युकेमियात एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकडे अदलाबदल केले आहेत. त्या जोडावर तयार होणारं बीसीआर-एबीएल हे प्रथिन रोखणारं इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये मंजूर झालं. आज सीएमएलचे रुग्ण दर काही महिन्यांनी रक्त देऊन बीसीआर-एबीएलचा आकडा बघतात. तो ०.१ टक्का किंवा त्याखाली असणं हा महत्त्वाचा टप्पा.

एपीएल नावाच्या ल्युकेमियात मात्र तास मोजावे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो. स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात, कणांनी भरलेल्या, काड्यांच्या जुडग्यासारख्या रेषा असलेल्या पेशी दिसल्या की मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता फोन उचलते. १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल सिद्ध व्हायला वेळ लागतो, औषध त्याआधी संशयावरच सुरू करतात.

कर्करोग नसेल तरी बायोप्सीचा उपयोग होतो का?

खूप होतो. लिम्फ नोडमध्ये पेशींचे गोलसर पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा, आणि मधोमध मरून गेलेल्या पेशींचा चुरा दिसला तर पहिला संशय क्षयाचा. झील-नील्सन रंगाने निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल जंतू शोधतात, पण ते ऊतीत थोडेच असतात आणि सापडले नाहीत म्हणून क्षय नाही असं होत नाही. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. फॉर्मॅलिन जंतू मारतं. एकदा माझ्याकडे मानेतली आख्खी नोड फॉर्मॅलिनमध्ये आली. ग्रॅन्युलोमा स्पष्ट होते, पण कल्चर लावता (जंतू लॅबमध्ये वाढवता) येत नव्हतं, त्यामुळे कोणती औषधं त्या जंतूवर चालतील हे कळायची वाट बंद झाली. क्षयाची शंका असेल तर थोडा भाग सलाइनमध्ये वेगळा द्यायला हवा, आणि हे शस्त्रक्रियेआधी विचारणं तुमच्या हातात आहे.

मूत्रपिंडाच्या बायोप्सीतही एक भाग फॉर्मॅलिनबाहेर ठेवतात, इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे चमकणारा रंग जोडलेल्या प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी. आयजीए नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या आजाराचं निदान त्याच्यावरच उभं असतं. मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या दुसऱ्या आजारात २००९ मध्ये पीएलए-टू-आर या लक्ष्याचा शोध लागला आणि आता काही रुग्णांचं निदान रक्तातल्या प्रतिपिंडावर, सुई न घालताही होतं. सीलिएक या गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आजारात लहान आतड्याचे बोटांसारखे उंचवटे झिजलेले दिसतात. पण ग्लूटेन आधीच बंद केलं असेल तर ते भरून येतात आणि बायोप्सी साधी दिसते, म्हणून तपासणी होईपर्यंत ते बंद करू नका. आणि जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूंचं तर काय सांगावं. रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टने ते स्लाइडवर पाहिले, बॅरी मार्शल यांच्या साथीने ते जठराच्या दाहाचं आणि अल्सरचं कारण असल्याचं दाखवलं, आणि दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. या जंतूंमुळे होणारा जठराचा माल्ट लिम्फोमा हा कर्करोग पुष्कळदा नुसत्या प्रतिजैविकांनी विरघळतो. ११ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल असेल तर मात्र सहसा नाही.

मार्कर पॉझिटिव्ह आला म्हणजे मुलांनाही धोका आहे?

बहुतेक बदल फक्त गाठीत घडलेले असतात आणि पुढच्या पिढीत जात नाहीत. ईजीएफआर, हर-टू, केरास यांच्यासाठी सहसा मुलांची तपासणी लागत नाही. बीआरसीए-१, बीआरसीए-२ आणि लिंच सिंड्रोमची (घराण्यात आतड्याचे व इतर कर्करोग आणणाऱ्या स्थितीची) जनुकं वेगळी: त्यांतले बदल पुढच्या पिढीत जाऊ शकतात. गाठीत एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ किंवा एमएसएच-६ यांपैकी प्रथिनं नाहीशी दिसली तर लिंचची शंका घेतात आणि रक्ताची तपासणी करून खात्री करतात. त्या रिपोर्टमध्ये ‘व्हीयूएस’ असा शब्द आला तर त्याचा अर्थ बदल सापडला, पण तो घातक आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही. त्यावर शस्त्रक्रियेसारखे निर्णय घेऊ नयेत. कालांतराने त्यांतले बरेचसे निरुपद्रवी ठरतात.

सुई टोचल्याने कर्करोग पसरतो का?

सुईच्या वाटेवर पेशी सांडणं फार क्वचित घडतं, आणि निदानाशिवाय उपचार करण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. जिथे ही भीती खरी आहे, जसं वृषणाची गाठ, तिथे डॉक्टर सुई टाळून थेट शस्त्रक्रिया करतात.

दुसरं मत घ्यायचं आहे. काय मागायचं?

रिपोर्टची प्रत पुरत नाही. स्लाइड आणि ब्लॉक मागा. स्लाइडवर दुसरा पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघेल, ब्लॉकमधून नवे रंग आणि जनुकांच्या तपासण्या होतील. न रंगवलेले काप काचेवर काही महिने पडून राहिले तर त्यांतली काही प्रथिनं रंग धरेनाशी होतात. मेणातला तुकडा मात्र वर्षानुवर्षं टिकतो. ब्लॉक नेताना कडक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ होतं. त्यावरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी तिथेच उभं राहून ताडून पाहा, आणि काम झालं की तो मूळ लॅबमध्ये परत द्या. पाच वर्षांनी नवं औषध आलं तर त्याची खूण त्याच वडीत शोधावी लागेल.